भांडणाची साक्ष

आधी विद्याला यात काय मिळणार होतं ते मांडून घेऊ. म्हणजे पुढे कुणी तिला उगाच साध्वी ठरवायला नको. गुरुवारी संध्याकाळपर्यंत तिने उरलेली अडतीस पानं उतरवून दिली असती, तर इंग्लंडातल्या एका काउंटीच्या चारशे वर्षांपूर्वीच्या कोर्ट-कागदांचं जे जाडजूड पुस्तक निघणार होतं, त्यात मदतनिसांच्या यादीत तिचं नाव छापून आलं असतं. शिवाय एक प्रत फुकट. मानधन नाही. पण रियाधच्या अल मलाझमध्ये, जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, नवऱ्याच्या इकाम्यावर, म्हणजे तिथल्या रहिवासी परवान्यावर, अकरा वर्षं नुसती 'बायको' म्हणून नोंदलेल्या बाईला छापील नावाचं मोल काय असतं, ते ज्याच्या नावाने घराचं वीजबिल येतं त्याला कळायचं नाही.

काम असं होतं. तिकडच्या दफ्तरातल्या पिवळ्या कागदांचे फोटो संगणकावर यायचे. विद्याने त्यातलं अक्षर लावायचं आणि ओळीखाली ओळ टाइप करायची. अक्षर म्हणजे मुंगी शाईत बुडवून कागदावर सोडल्यासारखं. भल्याभल्या पदवीधरांनी दोन पानांत हात टेकले होते. विद्याला मात्र ते लागायचं, कारण तिचे वडील निफाडच्या कोर्टाबाहेर पत्र्याच्या शेडखाली बसून लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. त्यांच्याकडे मोडीतले जुने कागद यायचे, आणि दहा वर्षांची विद्या शेजारी शेंगा खात ते वाचायला शिकली होती. "अक्षर नाही लागलं तर माणूस लाव," ते म्हणायचे. "लिहिणारा दमलाय, घाईत आहे की खोटं लिहितोय, ते आधी ओळखायचं. मग अक्षर आपोआप उलगडतं."

आणि त्या कागदांत होतं काय? राजे नाहीत, लढाया नाहीत. अमक्याच्या कोंबड्या तमकीच्या वाटाण्यात शिरल्या. कुणी शेणाचा ढीग शेजाऱ्याच्या दारात घातला. कुणाच्या बायकोने बाजारात कुणाला चोरटी म्हटलं, आणि ते ऐकायला सात माणसं हजर होती, सातांची नावं खालीलप्रमाणे.

"आई, यू आर गॉसिपिंग विथ डेड पीपल," तिची मुलगी नूपुर म्हणायची.

"मेलेली माणसं उलट बोलत नाहीत," विद्या म्हणायची. "म्हणून तर बरं पडतं."

इथवर ठीक होतं. पण दीड वर्ष रोज कारकुनाच्या डोळ्यांनी बघितल्यावर तिला एक खोड लागली. तिने एक दोनशेपानी वही आणली आणि आपल्याच इमारतीचं दफ्तर सुरू केलं. दुपारच्या चहाबरोबर रोज एक नोंद, वडिलांच्या भाषेत. 'मजकूर अमिरुन्निसा, राहणार तिसरा मजला, हिने जोहरा, राहणार पहिला मजला, हिचे सुके बोंबील गच्चीवरून उचलून जिन्यात ठेविले. बोंबील कोणाचेच ऐकून घेईनात.' ही वही तिच्या नवऱ्याने, सुबोधने, एकदा वाचली. तो पेट्रोकेमिकलच्या एका कंपनीत इंजिनियर. हसून हसून त्याचा चष्मा खाली आला, आणि मग तो गंभीरपणे म्हणाला, "ही पिठाच्या डब्याखाली ठेव. सापडली तर आपल्याला दुसरी इमारत बघावी लागेल."

वही पिठाच्या डब्याखाली गेली. अडतीस पानं उरली. आणि सोमवारी सकाळी अकरा वाजता दार वाजलं.

दारात जोहरा. रत्नागिरीकडची, एरवी जिना चढताना निम्म्या वाटेवरून बोलायला लागणारी. आज उंबऱ्यात येऊनही बोलेना.

"काय गं, बस की."

"बसत नाय वयनी. भायसाबांना सांगून कुठला वकील बघाल काय?" आणि मग बसलीच, चपलांच्या कपाटावर.

तिचा नवरा हनीफ पाणी पोचवणाऱ्या एका कंपनीत एकोणीस वर्षं होता. आता गाड्यांच्या फेऱ्यांचा सुपरवायझर. डिसेंबरात त्याला अल खर्जच्या एका दूध-फार्मवर बरी नोकरी मिळाली, म्हणून त्याने कंपनी बदलायला लागणारा बदलीचा कागद मागितला. कंपनीच्या नव्या मॅनेजरने तोंडावर हसून "देतो" म्हटलं, त्याचं हजेरीचं अॅप बंद पडू दिलं, आणि जानेवारीच्या वीस तारखेला सरकारदरबारी कळवून टाकलं, की हा माणूस चार जानेवारीपासून कामावर आलेलाच नाही. पळालेला.

"एकोनीस तारखेपर्यंत रोज गेलेत वयनी! मी डबा दिलाय रोज!"

"बरोबरची माणसं सांगतील ना?"

"त्यांचे इकामे त्याच मॅनेजरच्या हातात. कोन बोलनार?" जोहराने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "गुरुवारी दहाला तारीख हाय कामगार कचेरीत. तिथं पुरावा दिला नाय तर खलास. घरी पाठवतील, परत येऊ देनार नायत. लाइबाची दहावीची परीक्षा पंधरा दिवसांवर. ती पोर पुस्तक मिटतच नाय. तिला वाटतंय ती वाचत राहिली तर बाप राहील."

विद्याने चहा केला. जोहराने तो घेतला नाही, आणि तो कपही नीट बशीत ठेवून गेली. माणूस अडचणीत किती शिस्तीत वागतो, ते विद्याने मनात टिपलं. खोड ती खोड.

परत संगणकापुढे बसली, पण अक्षर लागेना. तिच्या डोळ्यांपुढे मागच्याच आठवड्यात उतरवलेलं एक पान येत होतं. एका गावातला विणकर. कापडाच्या चोरीचा आळ. चोरी झाली त्या संध्याकाळी तो तीन मैलांवरच्या बाजारात होता, असं फिर्यादी म्हणे. त्याच्या बाजूने एकच साक्षीदार उभी राहिली: शेजारची विधवा, जिने आदल्याच वर्षी त्याच्या कोंबड्यांवरून त्याला कोर्टात खेचलं होतं. कारकुनाने तिचं म्हणणं जसंच्या तसं उतरवलं होतं: तो त्या वेळी घरीच होता, कारण त्या वेळी मी त्याच्याशी भांडत होते. खाली सहीच्या जागी फुली. विणकर सुटला. तेव्हा विद्या हसली होती. दीड वर्षात तिने हे कितीदा पाहिलं होतं: जे लोक एकमेकांवर फिर्यादी करायचे, तेच पुढच्या तारखेला एकमेकांना जामीन. तिला ते विसंगत वाटायचं. आज वाटेना.

तिने पिठाचा डबा उचलला.

'जानेवारी १४. सदर दिवशी सकाळी साडेनऊस मजकूर हनीफ, कंपनीचा हिरवा शर्ट घालून, ड्रायव्हर नाही म्हणोन स्वतः पाण्याच्या बाटल्या घेऊन आला. पैकी एक बाटली लिफ्टमध्ये फुटली. अमिरुन्निसाबाई जिन्याने उतरल्या. जिना एरवी गुडघ्यांमुळे उतरवत नाही; भांडणाला उतरवतो. फोन हातात धरून सर्व प्रकाराचे चित्रण केले आणि कंपनीला पाठविते म्हणाल्या.'

विद्याने तारीख पुन्हा वाचली. मग वही पिशवीत घालून तिसऱ्या मजल्यावर गेली.

अमिरुन्निसाचाची मूळच्या श्रीवर्धनकडच्या. तीस वर्षं रियाधमध्ये, त्यातली वीस इथल्या बायकांचे कपडे शिवण्यात गेली. त्यामुळे अरबी अशी बोलत की दुकानदार किंमत सांगताना चाचरत. आता मुलाच्या, तौकीरच्या, घरी होत्या, पण शिलाई मशीन अजून खिडकीशी. आणि जोहराशी दोन वर्षं बोलणं बंद, कारण गच्चीवरच्या बोंबलांचा वास एका गिऱ्हाइकाच्या लग्नाच्या पोशाखात शिरला होता.

"चाची, चौदा तारखेचा तो व्हिडिओ आहे का अजून? लिफ्टमधला?"

"तुला काय करायचाय?"

विद्याने हनीफचं सांगितलं, आणि त्या विणकराच्या शेजारणीचंही. चाचींनी मशीनचं चाक हाताने थांबवलं.

"चौदा तारीखच, ह्या तुला कसं ठाऊक?"

आता खोटं बोलायला जागा नव्हती. विद्याने वही काढली. चाचींनी चष्मा लावून हात पुढे केला, पण त्यांना देवनागरी जमेना. "वाच."

विद्याने वाचलं. 'भांडणाला उतरवतो' इथे ती अडखळली.

"थांबलीस का? वाच, वाच. मागचा पण वाच. सगळा."

आणि विद्याला पाऊण तास उभ्याने स्वतःची वही वाचावी लागली. बोंबील आले, गच्चीची किल्ली आली, 'अमिरुन्निसाबाईंचा आवाज तिसऱ्या मजल्यावर राहतो, परंतु भाडे चारी मजल्यांचे वसूल करितो' हेही आलं. एकाही वाक्याला चाची हसल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "जोहराबद्दल पन असाच लिवलायस?"

"हो चाची. माझ्या नवऱ्याबद्दलही. त्याच्या घोरण्याचे सात उतारे आहेत."

"मग ठीक हाय. न्याय सारखा केलास." त्यांनी फोन उचलला आणि परत ठेवला. "व्हिडिओ हाय. कंपनीने जवाब पन दिलेला. पन मी दाखवायची नाय."

"का?"

"त्यात माझा तोंड हाय गो! काय काय बोलले मी त्या हनीफला. त्याच्या आईपर्यंत नाय गेले, पन आजीपर्यंत गेले. ह्या शहरात तीस वर्षं मला लोक आदराने उस्ताज़ा म्हणतात. कचेरीतल्या पोराबाळांसमोर ता लावायचा?"

विद्याने वही मिटली. निफाडच्या शेडखाली शिकलेली दुसरी गोष्ट: अशील बोलत असताना दौत हलवायची नाही.

"त्या लाइबाची परीक्षा हाय ना," चाची खिडकीकडे बघत म्हणाल्या. "सकाळी सात वाजता जिन्यात बसते पुस्तक घेऊन. मोठ्याने वाचते. मला ता प्रकाशाचा परावर्तन पाठ झाला. परवा एक व्याख्या चुकली, मी वरून सांगितली. तिला वाटला कुनी मोठा मास्तर हाय वर." मग एकदम: "त्या विलायती बाईने काय केलान् मगाशी सांगितलास? भांडत होते म्हणून सांगितलान्?"

"आणि खाली फुली केली."

"मी सही करीन," चाची म्हणाल्या. "अरबीत."

आता हिशेबाचं बघू. व्हिडिओ होता, पण चाचींच्या फोनमध्ये, आणि चाचींनी आयुष्यात काही पुसलेलं नव्हतं. जुम्म्याच्या शुभेच्छा, काढ्याच्या कृती, मांजरी, लग्नं. कंपनीचा जवाब ज्या नंबरवरून आला त्याला नाव दिलेलं नव्हतं. मंगळवार सगळा त्यात गेला; नूपुर शाळेतून आल्यावर तिने चार मिनिटांत शोधून दिला आणि "सिरियसली?" म्हणून खोलीत निघून गेली. बुधवारी विद्याने सगळं तारीखवार लिहून काढलं, चाचींनी ते अरबीत सांगितलं, तौकीरने टाइप केलं. चाची मधेच थांबवायच्या: "हा शब्द नको, हा रडका वाटतो." अडतीस पानं होती तिथेच होती.

बुधवारी संध्याकाळी जोहरा वर आली. तिसऱ्या मजल्याच्या दारात दोघी समोरासमोर.  वही जवळ नव्हती याचं विद्याला मनापासून वाईट वाटलं.

"चाची..." जोहरा म्हणाली.

"बोंबील गच्चीच्या डाव्या कोपऱ्यात घाल," चाची म्हणाल्या. "वारा तिकडून पलीकडे जातो. दोन वर्षं सांगायचा होता, तू विचारलंस कुठे?"

गुरुवारी सुबोधने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि सगळ्यांना गाडीत घातलं. पुढे हनीफ, मांडीवर एकोणीस वर्षांचे कागद. मागे तिघी, मधे चाची. कचेरीपाशी जागा नव्हती. सुबोधने गाडी जिथे लावली तिथे लावू नये असं फलकावर दोन भाषांत लिहिलेलं होतं. "दहा मिनिटांचं काम आहे," तो म्हणाला. असं म्हणणाऱ्या माणसांनी चारशे वर्षांपूर्वीची दफ्तरंसुद्धा भरलेली आहेत.

टेबलामागचा अधिकारी फहाद, तिशीचा, थकलेला, सभ्य. कंपनीचा प्रतिनिधी आधीच बसलेला. त्याने एका वाक्यात काम उरकलं: चार तारखेपासून आलेला नाही.

फहादने बायकांकडे पाहिलं. "तुम्ही यांच्या नात्यातल्या?"

चाची उठल्या. गुडघ्यांवर हात न ठेवता. त्यांचं अरबी विद्याला निम्मं कळलं आणि उरलेलं हनीफने नंतर सांगितलं.

"नात्यातली? याच्या घराशी माझं दोन वर्षं बोलणं नव्हतं."

"मग याच्या बाजूने कशा आलात?"

"त्यासाठीच आले, बाळ. मैत्रीण आली असती तर तू म्हणाला असतास, मैत्रिणीसाठी खोटं बोलते. मी याच्यासाठी खोटं का बोलू? चौदा तारखेला हा कामावर होता, कारण त्या वेळी मी त्याच्याशी भांडत होते."

आणि त्यांनी फोन टेबलावर ठेवला.

व्हिडिओ सुरू झाला. लिफ्टमधलं पाणी, हिरवा शर्ट, शर्टावर कंपनीचं चिन्ह, हनीफ ओणवा होऊन आपल्या रुमालाने फरशी पुसतोय. आणि त्यावर श्रीवर्धनचा अख्खा समुद्र खवळल्यासारखा चाचींचा आवाज. फहादला अक्षर कळत नव्हतं, पण त्याला माणूस लागला. तो खुर्चीत मागे रेलला, तोंडावर हात धरला, आणि तरी त्याचे खांदे हलायचे राहिनात.

"माझी आजी," तो म्हणाला, "पाणीवाल्याशी अगदी अशीच बोलते."

चाचींनी पुढचा पत्ता टाकला: कंपनीने त्याच दुपारी, चौदा तारखेला, पाठवलेला जवाब. 'आदरणीय भगिनी, गैरसोयीबद्दल क्षमस्व. आमचे कर्मचारी हनीफ यांना समज देण्यात आली आहे.' ज्या कारकुनाने तो पाठवला त्याला वरच्या मजल्यावर काय शिजतंय ते ठाऊक नसावं. दफ्तरं अशाच माणसांमुळे खरी राहतात.

प्रतिनिधीने जवाब वाचला. फोन घेऊन बाहेर गेला. परत आला तेव्हा तो फार नम्र झाला होता. नोंद करताना काही घोटाळा झाला असावा. कंपनी ती मागे घेते. बदलीलाही हरकत नाही.

फहादने टाइप करायला घेतलं.  हनीफने मांडीवरचे कागद उगाच नीट लावले, परत लावले. जोहराने त्याच्या कोपराला हात लावला.

"साक्षीदाराचं पूर्ण नाव?" फहादने विचारलं.

चाचींनी सांगितलं. स्वतःचं, मग बापाचं, मग आजाचं. नवरा आणि मुलगा दोघेही वगळून. मग टेबलावरून वाकून पडद्यावर ते बरोबर पडलंय की नाही ते पाहिलं. एक अक्षर दुरुस्त करायला लावलं. कागद आला तेव्हा सही केली, सावकाश, वळणदार, आणि शेवटच्या अक्षराची शेपटी चांगली पानाच्या कडेपर्यंत नेली.

घरी यायला चार वाजले. विद्याने संगणक उघडला. तिकडे दुपारचा एक वाजला होता. चार तास होते. अडतीस पानं चार तासांत होत नाहीत, हे तिला वडिलांनीसुद्धा शिकवलं नसतं. तिने खरं ते लिहून कळवलं: शेजाऱ्यासाठी साक्षीला गेले होते. तिकडच्या संपादक बाईंचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. फार गोड होतं. कारण वाचून त्यांना अतिशय आनंद झाला होता, या कामात याहून योग्य कारण त्यांनी ऐकलं नव्हतं, आणि यादी मात्र छपाईला गेली होती.

विद्याला वाईट वाटलं, नाही असं नाही. तेवढ्यात जिन्यातून लाइबाचा आवाज आला, भिंगाचा नियम घोकणारा, आणि वरून दुसरा आवाज, "मागच्या वर्षी हाच विचारलान् होता, लक्ष दे!" विद्याने दार अर्धवट उघडं ठेवलं आणि पिठाचा डबा उचलला. दार वाजलं तेव्हा जोहरा होती, झाकलेलं ताट घेऊन. तांदळाची वाफवलेली सांदणं.

"मासे नायत वयनी, नारळाचीच. हनीफ म्हनतात, तुमचे उपकार कसे फेडायचे. मी म्हनलं, फेडायचे नसतात, शेजार हाय तो."

"चाचींना दिलीस?"

"आधी तिकडंच दिली. म्हनाली गूळ कमी हाय." जोहरा हसली. "खाल्ली मात्र पाच."

महिन्याभराने हनीफ अल खर्जला रुजू झाला. लाइबाची परीक्षा पार पडली. प्रकाशाचा प्रश्न आला होता. त्या आठवड्यात विद्याने वहीत हिशेब लिहिला, आणि तो इथे जसाच्या तसा:

'सदर कामी भरणा येणेप्रमाणे. अमिरुन्निसाबाईंनी तीस वर्षांची अदब भरिली. मोबदला, सरकारी कागदावर स्वतःचे नाव. विद्येने एक छापील नाव भरिले. मोबदला, सांदणे बारा आणि ही वही उघड्या टेबलावर ठेवण्याची मुभा. कंपनीने काहीच भरिले नाही. कंपन्या भरीत नसतात. सुबोधाने अर्धी रजा भरिली आणि गाडी भलत्या जागी लाविल्याचा दीडशे रियाल दंडही भरणार होता. तथापि भरावयास गेला असता दंड आधीच भरिलेला आढळला. हनीफ म्हणतो मी नाही. जोहरा म्हणते मी नाही. सबब अमिरुन्निसाबाईंस विचारिले. त्या म्हणाल्या, मला काय विचारतेस, आणि एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की चारी मजल्यांस कळले, कोणी भरिला.'